पोच नको

तो दिवा तूरडाळीच्या दाण्याएवढा होता. पिवळा. एकदा उजळायचा, श्वास सोडावा इतका वेळ मालवायचा आणि पुन्हा उजळायचा. जुईलीने त्याच्याकडे इतका वेळ पाहिले होते, की डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत एक निळसर ठिपका तरंगत राही. तिला हवा होता हिरवा. तो काही केल्या लागत नव्हता.

दिव्याखालच्या पट्टीवर एकच शब्द होता, 'पोच' (पाठवलेला निरोप मिळाल्याची उलट खबर). दिवा हिरवा झाला, म्हणजे सगळ्या पोचा मिळाल्या, दार सोडायला हरकत नाही. पिवळा असेल तोवर थांबायचे. एवढे अकरा वर्षांच्या जुईलीला ठाऊक होते. तिला पडलेले कोडे वेगळेच होते. शेजारच्या पडद्यावर बाबांचा निरोप आलेला स्पष्ट दिसत होता : 'तुमचा निरोप मिळाला. साडेचारला दार सोडायला तयार. आमचे हे उत्तर मिळाले का?'

"पोच तर आली," ती पुटपुटली. "मग दिवा पिवळाच कसा?"

तिला उत्तर द्यायला कुणालाच सवड नव्हती. खोलीच्या जाड काचेवर बाहेरून पाऊस असा आपटत होता, जणू कुणी परातीने पाणी फेकत होते. दुपारच सरत होती, पण काचेपलीकडे खाडी दिसत नव्हती, पलीकडचा काठ तर नाहीच.

सुरंगीच्या खाडीच्या तोंडाशी दोन पोलादी दारे बसवली होती. एक उत्तर काठावर, शेवरे गावाच्या बाजूला. दुसरे दक्षिण काठावर, तळाशेतच्या बाजूला. एरवी ती उंच मनोऱ्यांवर उचललेली असत आणि त्यांच्याखालून मचवे ये-जा करत. चक्रीवादळाने समुद्र खाडीत ढकलायला सुरुवात केली, की दोन्ही दारे खाली सोडायची. मधोमध ती एकमेकांना भिडली, की समुद्र बाहेर आणि गावे आत. शेवऱ्याचे दार जुईलीच्या आईच्या ताब्यात होते. तिचे नाव केतकी, उत्तर काठाची मुख्य अभियंता. तळाशेतचे दार बाबांच्या ताब्यात होते. त्यांचे नाव निनाद.

अट एकच होती. दारे एकाच वेळी पडायला हवीत.

"का?" असे जुईलीने एकदा विचारले होते, तेव्हा बाबांनी बागेतली पाण्याची नळी आणून नळीच्या तोंडावर अर्धा अंगठा ठेवला होता. मघापर्यंत मुळाशी गुपचूप सांडणारे पाणी सटकन उडून शेजाऱ्यांच्या वाळवणावर पडले होते. "वाट अर्धी केली, की पाण्याचा जोर वाढतो," बाबा शेजारच्या काकूंची माफी मागून आल्यावर म्हणाले होते. "एकच दार पडलं, तर सगळा समुद्र दुसऱ्या काठावरून घुसेल. त्यापेक्षा दोन्ही उघडी राहिलेली परवडली."

गेल्या वर्षीच्या सरावात तेच झाले होते. समजुतीच्या घोटाळ्याने उत्तरेचे दार थोडा वेळ एकटेच खाली राहिले. वादळ नव्हते, नुसती मोठी भरती होती. तरी तळाशेतच्या धक्क्यावरचे दोन मचवे दोरखंड तोडून गेले. त्यानंतर आई आणि बाबा जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसले आणि दोघांनी मिळून नवा नियम केला. समोरच्याला आपला निरोप मिळाला आहे याची पोच आल्याशिवाय कुणीही दार सोडायचे नाही. बाबा म्हणाले, "आणि त्या पोचेचीही पोच हवी." आई म्हणाली, "तिचीही असू दे." दोघेही स्वभावाने असे, की गॅस बंद केला का हे पाहायला जिन्यावरून परत जाणारे. नियम लिहून झाल्यावर दोघांनाही शांत झोप लागली होती.

आज दुपारी खाडीच्या तळाची तार तुटली. दूरध्वनीचा मनोरा आडवा झाला. उरला फक्त जुना बिनतारी संच. त्यावरून बोलता येत नव्हते, चार-दोन ओळींचे लेखी निरोप जात. त्यातले साधारण निम्मे निरोप वादळ गिळून टाकत होते.

"पोच आलेली नाही," छतातून आवाज आला. तो प्रहरी होता, दाराची यंत्रणा सांभाळणारा संगणक. नियमाबाहेरचे काहीही करायचे, तर त्याला आईच्याच आवाजातला हुकूम लागे. "थांबू?"

"थांब," आई म्हणाली. दुपारपासून ती हेच म्हणत होती.

संचापाशी बसलेले होडेकरकाका कानावरची टोपणे सारखी करत म्हणाले, "मॅडम, साडेचारनंतर पाण्याची ओढ इतकी वाढेल, की दार खाचेतून सरळ उतरणार नाही. तिरकं अडकेल."

"माहीत आहे मला, रज्जाकभाई."

आणि दारे उघडीच राहिली, तर? संध्याकाळपर्यंत दोन्ही गावांत माणूसभर पाणी. माणसे शाळेच्या वरच्या मजल्यांवर हलवली होती, पण दवाखाना, गोठे, गोड्या पाण्याच्या विहिरी हलवता येत नाहीत. जुईलीने हे सारे आईच्या चेहऱ्यावरच वाचले आणि ती कोपऱ्यातल्या खुर्चीकडे सरकली. तिथे आजी बसली होती. मांडीवर खाऱ्या शेंगदाण्यांचा स्टीलचा डबा. डब्याचे झाकण ती सारखी लावत होती आणि काढत होती.

आजी म्हणजे बाबांची आई, डॉक्टर शर्वरी मयेकर. सुट्टीसाठी पुण्याहून आली आणि वादळात अडकली. ती मोठी संगणकशास्त्रज्ञ होती असे सगळे म्हणत. जुईलीला मात्र या विषयाची जरा धास्तीच होती. तिसरीत असताना, आजी अशीच राहायला आली होती तेव्हा, जुईलीने वर्गात ऐटीत सांगितले होते, "माझी आजी संगणकशास्त्रज्ञ आहे." बाईंनी दुसऱ्या दिवशी आजीला बंद पडलेला फळा-पडदा दाखवायला बोलावले. आजीने त्याच्या मागे जाऊन दोन वायरींकडे आदराने पाहिले आणि ती म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही हो." सगळा वर्ग हसला होता.

मग घरी येताना आजीने समजावले होते, की तिचे शास्त्र सैद्धांतिक संगणकशास्त्र आहे (संगणकाला काय जमू शकते आणि काय कधीच जमणार नाही, हे गणिताने ठरवणारे शास्त्र). त्याला लागतो खडू, फळा आणि बसायला जागा. यंत्र लागतेच असे नाही.

"आजी," जुईली आता तिच्या कानाशी म्हणाली, "बाबांचं उत्तर आलंय. ते तयार आहेत. मग आई दार का सोडत नाही?"

"तू बाबा आहेस असं समज," आजीही हळू आवाजात म्हणाली. "तू उत्तर पाठवलंस. ते इथे पोचलं, हे तुला माहीत आहे का?"

"नाही."

"नाही पोचलं, तर आई काय करेल?"

"थांबेल. दार सोडणार नाही." जुईली थबकली. "म्हणजे बाबांना वाटणार, आई सोडणार नाही. म्हणून तेही नाही सोडणार."

"म्हणून आईने त्या उत्तराची पोच पाठवली."

"ती बाबांना मिळाली असेल ना?"

"कदाचित. आता तू आई हो."

जुईलीने आईकडे पाहिले. आई उभीच होती, दोन्ही हात टेबलावर टेकून. "आईला माहीत नाही, की तिची पोच बाबांना मिळाली का. म्हणून ती बाबांच्या पोचेची वाट बघतेय." तिने आजीकडे वळून पाहिले. "आणि ती आली, तर बाबा तिच्या पोचेची वाट बघणार. आजी, हे संपणार कुठे?"

आजीने डब्याचे झाकण उघडे ठेवले. "बघूया. समज, कुणी शहाणा म्हणाला, पाच निरोप पुरेत. पाच झाले की दोघांनी दार सोडायचं, अगदी खात्रीने, चूक होणारच नाही." तिने डब्यातून पाच शेंगदाणे काढून खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडले. "पहिला आईचा, दुसरा बाबांचा, तिसरा आईचा, चौथा बाबांचा. पाचवा?"

"आईचा."

"तो पोचला की नाही, आईला कळेल?"

"नाही. पाचच ठरलेत ना, पोच येणारच नाही."

"मग आई दार सोडेल का?"

जुईलीने विचार केला. "सोडेल. तिच्या बाजूने सगळं झालं."

"आणि तो पाचवा वाऱ्यात हरवला असेल, तर?"

"तरी सोडेल. हरवलेला तिला दिसणार थोडाच?"

"आता बाबांकडे किती निरोप पोचले?"

"दोनच, पहिला आणि तिसरा. पाचवा नाही."

"त्यांनी दार सोडायचं का?"

"सोडायलाच हवं. नाहीतर आईचं दार एकटं पडेल." आणि मग ती अडखळली. "पण म्हणजे... पाचवा मिळो न मिळो, बाबा दार सोडणारच."

"मग तो हवा कशाला? खा."

जुईलीने पाचवा शेंगदाणा खाल्ला. तिला भूक नव्हती.

"आता चार राहिले. शेवटचा बाबांचा. तोही हरवू शकतो आणि बाबांना ते कळणार नाही." आजी थांबली. पुढचे तिला सांगावे लागले नाही. जुईलीने मनातल्या मनात तेच प्रश्न पुन्हा विचारले, तीच उत्तरे आली आणि तिने चौथाही उचलला. मग तिसरा. मग दुसरा. पहिल्यापाशी तिचा हात थांबला.

"हा पण खायचा?"

"तूच सांग."

"हाही शेवटचाच झालाय आता." तिने तो खाल्ला. कट्टा रिकामा झाला, नुसते मिठाचे कण उरले. "पण आजी, याचा अर्थ, एकही निरोप न पाठवता दोघांनी साडेचारला दार सोडायचं? हे तर खुळ्यासारखं झालं."

"अगदी खुळ्यासारखं. प्रत्येक पायरी बरोबर चढलो आणि खुळ्या जागी पोचलो, म्हणजे चूक कुठे असणार?"

"सुरुवातीला," जुईली सावकाश म्हणाली. "पाच पुरतात, असं जे म्हटलं ना, तिथे."

"पन्नास मांडले असते, तर तुझं पोट बिघडलं असतं. उत्तर हेच आलं असतं. निरोप हरवू शकणाऱ्या वाटेवरून कितीही पोचा पाठवल्या, तरी दोघांना एकाच वेळी पुरती खात्री मिळत नाही. कुणालाच नाही. प्रहरीपेक्षा हजारपट हुशार यंत्र आणलं, तरी नाही."

होडेकरकाकांनी एका कानावरचे टोपण सरकवले होते. "मॅडम," ते आजीला म्हणाले, "तीस वर्षं शिकवून हेच सांगणार? की होणार नाही?"

"घरचेही हेच विचारायचे, एवढी वर्षं काय शोधलंस?" आजी म्हणाली. "मी म्हणायचे, 'नाही' हे शोधलं."

काका हसले, पण त्यांचे लक्ष लगेच संचाकडे गेले. नुसती खरखर होती.

"तुला हे सुचलं कसं?" जुईलीने विचारले. तिला बोलणे चालू ठेवायचे होते. गप्प बसले, की तो पिवळा ठिपका डोळ्यांसमोर येत होता.

"मला नाही सुचलं. माझ्या आधीच्यांनी सिद्ध केलेलं आहे ते. मी फक्त माझ्या वाटेने तिथे जाऊन धडकले." आजीने झाकण पुन्हा लावले. "मी चिपळूणहून पुण्याला शिकायला गेले, तेव्हा माझी आई म्हणायची, पोचलीस की दोन रिंगा दे आणि ठेव. मी दोन रिंगा द्यायचे. मग तिला वाटायचं, मला कळलं हे हिला कसं कळणार? म्हणून ती उलट एक रिंग द्यायची. एकदा तिची रिंग आलीच नाही. माझ्या रिंगा तिने ऐकल्या नाहीत, की ऐकून तिची रिंग वाटेत अडली? मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून विचार करत राहिले, किती रिंगा ठरवल्या असत्या म्हणजे हा घोर लागला नसता? पुढे ग्रंथालयात उत्तर सापडलं. कितीही नाही. आठवडाभर मला राग आला होता."

"मग?"

"मग हलकं वाटलं. जिथे भिंत आहे हे कळतं, तिथे ढकलत बसावं लागत नाही. पुढचा प्रश्न विचारता येतो. पुरती खात्री मिळत नसेल, तर काय मिळतं? माझी सगळी नोकरी त्या एका प्रश्नात गेली. सिद्धता (एखादे विधान का खरे, याची पायरी न चुकता केलेली मांडणी) लिहायची, चूक निघाली की पुसायची. एक मांडणी तर निनाद बालवाडीत असताना सुरू केली आणि तो दहावीला असताना संपली. आज दूरच्या ग्रहांकडे जाणारी अंतराळयाने ती वापरतात. त्यांना पोचेसाठी थांबणं परवडत नाही."

संच खरखरला. होडेकरकाका ताठ बसले. पडद्यावर अक्षरे एकेक करून उमटली. काही गळाली होती, तरी वाचता येत होते.

'आमच्या उत्तराची पोच मिळ_ली नाही. दार सोडत नाही. थांबलो आ_ोत.'

आईने डोळे मिटून घेतले. "पाठवली होती," ती म्हणाली. "चार वेळा पाठवली मी."

जुईली पडद्याकडे बघत राहिली. तिला एकदम बाबा दिसले. तळाशेतच्या धक्क्याच्या टोकावरची तशीच खोली, तसेच टेबल, त्यावर दोन्ही हात टेकलेले बाबा.

"आई," ती म्हणाली, "बाबापण तिकडे पिवळ्या दिव्याकडेच बघत बसलेत ना? तू त्यांच्यासाठी थांबलीयस आणि ते तुझ्यासाठी."

आई वळली. तिने आधी जुईलीकडे पाहिले, मग कट्ट्यावरच्या मिठाकडे आणि मग आजीकडे. "आई," ती आजीला म्हणाली, "ऐकत होते मी सगळं. नियम आम्ही दोघांनी केला. चूक होऊ नये म्हणूनच केला."

"चांगल्या मनाने केलात," आजी म्हणाली. "गॅस बघायला दोघंही परत परत जिना चढताय, एवढंच. केतकी, कुणीतरी एकाने विचारणं थांबवायला हवं."

"म्हणजे काय करू? सांगा ना सरळ."

"निरोप बदल. आत्ता तू विचारतेस, 'सोडायचं का?' त्याऐवजी सांग, 'साडेचारला आम्ही दार सोडतोच. मिळाला तर तुम्हीही सोडा. पोच नको.' हा एक निरोप त्याच्या हाती पडला, की त्याचं काम झालं. त्याला आणखी काहीच कळायची गरज नाही. त्याच्या उत्तराची तू वाट बघत नाहीयेस, हे त्याला माहीत आहे. त्याच्याकडची शंका संपली."

"आणि माझ्याकडची?"

"ती राहील. ती कुठे जात नाही. फक्त दोघांकडे अर्धी अर्धी ठेवायची, की एकाने सगळी घ्यायची, एवढंच आपल्या हातात असतं. अर्धी अर्धी ठेवली, की दोघंही थिजतात. शंका आपल्याकडे ठेवायची, केतकी. त्याच्याकडे पाठवायची नाही."

वाऱ्याचा एक लोट आला आणि काच थरथरली. प्रहरीने विचारले, "पोच आलेली नाही. थांबू?"

आईने घड्याळाकडे पाहिले. "थांब." मग आजीला म्हणाली, "आणि एकही निरोप पोचला नाही, तर?"

"म्हणून एक पाठवायचा नाही. तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवायचा." आजी जुईलीकडे वळली, पण डोळे आईवरच होते. "नाणं उडवलं आणि काटा पडला, म्हणजे निरोप हरवला असं धर. एकदा काटा पडणं सोपं आहे. लागोपाठ दहा वेळा काटाच पडणं, हजारात एखाद्या वेळी होतं. लागोपाठ वीस वेळा?"

"दोन हजारांत एकदा?" जुईली म्हणाली.

"दहा लाखांत एकदा. प्रत्येक नाण्याने भीती अर्धी होत जाते. पण वादळ म्हणजे नाणं नव्हे, हेही लक्षात ठेव. एक मोठा लोट सलग चार-पाच निरोप गिळू शकतो. म्हणून एका दमात पाठवायचे नाहीत. मध्ये अंतर सोडायचं, कधी कमी, कधी जास्त. मग भीती खूप लहान होते."

"शून्य होत नाही," आई म्हणाली.

"शून्य होत नाही. शून्य मला आयुष्यभरात कुणी दिलेलं नाही."

आई खुर्चीवर बसली. दुपारपासून पहिल्यांदाच. "आई, मी दार सोडलं आणि त्याला काहीच मिळालेलं नसलं, तर सगळा समुद्र तळाशेतच्या धक्क्यावर जाईल. तो धक्क्याच्या टोकाला आहे. तुमचा मुलगा आहे तिकडे."

"माझ्या लक्षात आहे," आजी म्हणाली.

तिचा आवाज साधाच होता. पण जुईली तिच्या अगदी जवळ होती, म्हणून तिला दिसले, की आजीच्या मुठीत एक शेंगदाणा होता आणि त्याचा केव्हाच चुरा झाला होता.

"आणि आणखी एक ऐक," आजी पुढे म्हणाली. "हा निरोप एकदा गेला, की माघार नाही. ऐनवेळी तू थांबलीस आणि त्याला निरोप मिळालेला असला, तर त्याचं दार एकटं पडेल. मग समुद्र या बाजूला येईल. शाळा या बाजूला आहे. 'सोडतोच' म्हटलं, की सोडायचंच. नाहीतर पाठवू नकोस. तो हुकूम देणं तुझं काम आहे, माझं नाही. मी फक्त हिशोब सांगितला."

जुईलीला वाटले, आपण काही बोललो तर काहीतरी सांडेल.

"रज्जाकभाई," आई शेवटी म्हणाली, "लिहून घ्या. साडेचारला उत्तरेचं दार सोडतोच. निरोप मिळाला, की तुम्हीही सोडा. पोच नको."

"पोच नको," काकांनी उच्चारून टंकले. "किती वेळा, मॅडम?"

"साडेचार वाजेपर्यंत पाठवत राहा. अंतर बदलत. लोट आला की जरा थांबून."

पहिला निरोप गेला. मग दुसरा. काकांचे बोट कळीवर पडले, की संचातून एक बारीक टक असा आवाज येई. जुईली सुरुवातीला मोजत होती, मग तिने सोडून दिले. त्याऐवजी ती प्रत्येक टकीबरोबर मनात म्हणत राहिली, अर्धी. आणखी अर्धी. आणखी अर्धी.

पलीकडून काहीच आले नाही.

"बाबा काही म्हणत का नाहीत?" तिने आजीला विचारले.

"पोच नको, असं सांगितलंय त्याला."

"हो, पण त्यांना मिळालंच नसेल, तरी ते गप्पच असतील ना?"

"असतील." आजीने तिचा हात हातात घेतला. मिठाने तो खरबरीत झाला होता. "दोन्ही गप्प इथून सारखेच ऐकू येतात. लहानपणी एवढा आगाऊ होता, की गप्प बस म्हटलं तर 'बसलो' असं ओरडून सांगायचा. आज तेवढं नाही सांगितलं, म्हणजे मिळवली."

होडेकरकाका हसले आणि पुढची टक केली.

"आजी, ही भिंत पुढे कधी कुणी पाडेल?"

"ही नाही पडणार. सिद्ध झालेली आहे. पण तिच्या अलीकडे केवढी जागा आहे, हे अजून कुणी पुरतं मोजलेलं नाही. दोघांऐवजी हजार दारं असली, तर काय? एखादं दार खोटंच बोलत असलं, तर? मी थोडी मोजली. उरलेली बरीच आहे." ती जुईलीकडे झुकली. "तुला खडूची ॲलर्जी तर नाही ना?"

"नाही," जुईली म्हणाली. आणि तिला तिसरीचा तो वर्ग आठवला. शाळा सुरू झाली, की बाईंना सांगायचे तिने ठरवले, आजीला वायरी कळत नाहीत, पण एक फळा आणि पाच शेंगदाणे द्या. हे पुढे कधीतरी घडणार आहे, या विचाराने तिला थोडे बरे वाटले. म्हणजे शाळा असेल. बाई असतील. संध्याकाळी बाबा नळी घेऊन बागेत असतील.

भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा सहाकडे झुकला. आई टेबलापाशी येऊन उभी राहिली. इतक्या वेळात तिने एकदाही दिव्याकडे पाहिले नव्हते. आता तिची नजर वळली. तो आपला तसाच होता, तूरडाळीएवढा, पिवळा, उजळत आणि मालवत. आईचा हात हळूहळू टेबलाची कड घट्ट धरू लागला. जुईलीला कळले, की तिला पुन्हा थांबावेसे वाटते आहे. एकच पोच. एकदाच. मग सोडू.

जुईली उठली. आजीच्या मांडीवरच्या डब्याचे झाकण तिने उचलले, टेबलापाशी गेली आणि त्या दिव्यावर पालथे ठेवले.

आईने झाकणाकडे पाहिले. मग जुईलीकडे. तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला.

"शेवटचा गेला, मॅडम," होडेकरकाका म्हणाले आणि त्यांनी संचावरून हात काढून घेतला. खोलीत आता फक्त पावसाचा आवाज होता. काचेपलीकडे सगळे करडे होते. त्या करड्यापलीकडे, त्याच क्षणी, बाबाही घड्याळाकडे बघत असतील किंवा नसतील. आजीने जुईलीच्या खांद्यावर हात ठेवला. काटा सहावर आला.

"पोच आलेली नाही," प्रहरी म्हणाला. "थांबू?"

"नको," आई म्हणाली. "उत्तरेचं दार सोड."